चोवीस इंचांचा तिरका हिशेब

"मामा, बावीस इंची घेऊ का चोवीस?" तेरहून भाचीचा फोन आला. मी तिला उलट विचारलं, "टेबल केवढं आहे?" तिनं टेप लावून सांगितलं, लांबी अडीच फूट, रुंदी दीड फूट. सुताराकडून करून घेतलेलं बाभळीचं जड टेबल, माळवदाच्या जुन्या खोलीत भिंतीला टेकवलेलं. सकाळी ती त्यावर मराठी टायपिंगच्या तीसच्या परीक्षेचा सराव करते, संध्याकाळी शेजारपाजारच्यांचे पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. जुन्या जाड मॉनिटरनं इतकी जागा अडवली होती की कीबोर्ड मांडीवर घ्यावा लागे. तो बंद पडला, म्हणून ही खरेदी.

दुकानात आपण इंच विचारतो, पण ते इंच तिरके असतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे. त्यातून पडदा किती रुंद आणि किती उंच हे कळत नाही. आजचे बहुतेक पडदे सोळास नऊ या प्रमाणाचे, म्हणजे आडवे पसरलेले. बावीस म्हणून विकला जाणारा साडेएकवीस इंची पडदा साधारण 48 सेंटीमीटर रुंद आणि 27 उंच भरतो. चोवीसचा म्हणजे खरं तर 23.8 इंचांचा पडदा 53 रुंद आणि जेमतेम 30 उंच. आता जुना चौकोनी एकोणीस इंची घ्या. तो पाचास चार प्रमाणाचा. रुंदी 38 सेंटीमीटरच्या आत, पण उंची 30! म्हणजे उंचीत एकोणीस आणि चोवीस बरोबरीचे. अर्ज, सातबारा, प्रश्नपत्रिका हे सगळे उभे कागद. ए-फोर कागदाची उंची 29.7 सेंटीमीटर. तो खऱ्या मापात, वरखाली न सरकवता जवळजवळ पूर्ण पाहायचा तर इंचांपेक्षा उंची पाहावी लागते.

मग जुना एकोणीसच का नको? टेबल फारच चिंचोळं असेल तर जरूर पाहावा. मात्र तसे बरेचसे पडदे आतल्या बारीक नळीदिव्यांवर चालतात. वर्षं गेली की ते दिवे पिवळट आणि मंद होतात, वीजही जास्त घेतात. भाचीच्या टेबलावर अडीच फूट, म्हणजे 76 सेंटीमीटर लांबी होती. तिथे चोवीस बसतो, शेजारी वही आणि माउसही राहतो.

खरी अडचण रुंदीची. दीड फूट म्हणजे 46 सेंटीमीटर. स्टँडचा पाय मागे भिंतीपर्यंत गेला तरी पडदा दहाएक सेंटीमीटर पुढे येतो. डोळे टेबलाच्या कडेपासून वीतभर मागे धरले तर अंतर पन्नास-पंचावन्न सेंटीमीटर उरतं, जवळजवळ हातभर. एवढ्या अंतरावर सत्तावीस इंची पडदा घेतला तर मान डावी-उजवी फिरवावी लागते. "मोठा घेतला की छान दिसतं," असं दुकानदार सांगतो, पण तो पडद्यापासून चार पावलांवर उभा असतो.

पडदा भिंतीवर टांगावा, हे ओघानं सुचतंच. पडद्याच्या पाठीला 75 किंवा 100 मिलिमीटर अंतरावर चार भोकं असतील तर आधार बसवता येतो. सिमेंटच्या भिंतीत तो घट्ट बसतो, माळवदाच्या मातीच्या भिंतीत मात्र प्लग धरत नाही, माती भुरभुर सुटते. तिथे टेबलाच्या कडेला आवळून बसणारा हात बरा. टेबल बाभळीचं असल्यानं त्यानं ते ओझं सोसलं. प्लायवूडच्या पातळ फळीवर मी हा प्रयोग करू नका म्हणेन.

आता अक्षरांकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. रोमन अक्षराला लागतात त्याहून जास्त ठिपके, म्हणजे पिक्सेल, देवनागरीला लागतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि विठ्ठलमधल्यासारखी एकाखाली एक जोडाक्षरं. 'सर्वांना' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच ठिकाणी दाटीनं बसतात. ठिपके कमी असले की ध आणि घ, म आणि भ, द्ध आणि द्व एकमेकांत मिसळतात. अर्जात नावाचा एक अनुस्वार सुटला तर माणसाला दुरुस्तीसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात. म्हणून 1366 बाय 768 ठिपक्यांचा स्वस्त पडदा मी सरळ नाकारला. 1920 बाय 1080 ठिपके साडेएकवीस इंचांत इंचाला सुमारे 102 पडतात, 23.8 मध्ये 92 आणि सत्तावीसमध्ये फक्त 82. तेवढेच ठिपके ताणून मोठे केलेला पडदा अक्षर मोठं करतो, सुबक करत नाही.

दुसरी निवड पॅनेलच्या जातीची. 1888 मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनिट्झर यांना गाजराच्या कोलेस्टेरॉलवर काम करताना वितळूनही स्फटिकासारखा वागणारा पदार्थ सापडला. त्याच जातीच्या द्रव स्फटिकांचा थर आज मागून येणारा उजेड अडवतो किंवा सोडतो. टीएन पॅनेलमध्ये बाजूनं पाहिलं की रंग फिके पडतात, खालून पाहिलं की काळवंडतात. आयपीएसमध्ये स्फटिक पडद्याला समांतर फिरतात, त्यामुळे कडेनंही नीट दिसतं. भाचीसाठी आयपीएसच हवा होता, कारण अर्ज भरताना शेतकरी तिच्या मागे, बाजूला उभा असतो आणि त्याला आपलं नाव तिथूनच वाचायचं असतं.

पडद्याची पाठ दाराकडे किंवा झरोक्याकडे नको, तोंडही नको. उजेड कडेनं यावा. चकचकीत पडद्यात दाराबाहेरचं ऊन दिसतं, म्हणून मॅट घ्यावा. वीज वीस-पंचवीस वॅटच लागते, त्यामुळे छोट्या इन्व्हर्टरवर काम थांबत नाही. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं आहे का ते पाहून घ्यावं. संगणक जुना असेल तर त्याची व्हीजीए केबल नव्या पडद्याला लागते का, हेही तिथेच विचारावं.

तेर हे संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेऊन एकेकाचं मडकं पक्कं की कच्चं ते तपासलं, ही कथा तिथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मी भाचीला म्हटलं, "तूही थापटणं घेऊन जा." पेन ड्राइव्हवर तिनं एक पान नेलं. त्यावर दहा पॉइंटच्या अक्षरांत सर्वांना, कुऱ्हाड, शुद्ध, द्वार, विठ्ठल. मग एक पान पूर्ण पांढरं आणि एक पूर्ण काळं, मेलेला ठिपका शोधायला. दुकानदाराला नवल वाटलं, पण त्यानं तीन पडदे लावून दाखवले. चकचकीत व्हिडिओत तिन्ही सारखे दिसत होते. तिच्या पानावर एकाचा 'द्ध' मिटला.

तिनं 23.8 इंची, मॅट, आयपीएस पडदा घेतला. जुना जाड मॉनिटर मात्र भंगारात फोडायला देऊ नकोस असं मी बजावलं, त्याच्या काचेत शिसं असतं. परवा तिनं फोटो पाठवला. पडद्यावर एक अर्ज उघडा होता आणि बाजूला उभ्या आजोबांचं बोट आपल्या नावावरच्या अनुस्वारावर टेकलेलं होतं.