नॉर्मंडीच्या तोफा आणि तिरपं ऊन

फ्रान्सला गेलात तर लाँग-स्यूर-मेर चुकवू नका. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन तोफांचं ठाणं. काँक्रीटचे चार बंकर, १५० मिमीच्या नौदली तोफा अजून जागेवरच! ६ जून १९४४ ला इथून दोस्तांच्या जहाजांवर मारा झाला. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिशांनी ठाणं घेतलं.

फोटोची खरी गोम दिशेत आहे. तोफांची तोंडं उत्तरेला, समुद्राकडे. त्यामुळे भर दुपारी दर्शनी बाजू सावलीत. मी गेलो तेव्हा जून होता. त्या दिवसांत तिथे सूर्य ईशान्येला उगवतो, वायव्येला मावळतो. संध्याकाळचं तिरपं ऊन समोरून आलं आणि काँक्रीटचे टवकेसुद्धा उठून दिसले.

आतून समुद्र टिपताना एक्स्पोजर बाहेरच्या उजेडावर ठरवा. फ्लॅश नकोच, भिंत सपाट दिसते.

लेन्सबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.