आईच्या नावाने सायकल

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये लालबागच्या चाळीतला पन्नाशीचा एक गृहस्थ दवाखान्यात आला. म्हणाला, "डॉक्टर, मला तपासा. आईच्या नावाने सायकल चालवायचीय."

त्याची आई गिरणी कामगारांची खानावळ चालवीत असे. वीस-पंचवीस डब्यांचा हिशेब तिला तोंडपाठ. सत्तरीनंतर ती आमटीत दोनदा मीठ घालू लागली. मुलाने विचारले तेव्हा मी म्हणालो, "वय झालं, चालायचंच." ही माझी चूक. पुढे ती रात्री उठून पोळपाट मांडी, "पाळी सुटेल आता," म्हणे. गिरणी तर १९८२ च्या संपानंतर कायमची बंद पडलेली. मुलगा ओरडे. ती गेल्यावर तेच त्याला सलत राहिले.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपण नव्हे, तो मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार साठीपुढील सुमारे ८८ लाख भारतीयांना तो आहे. तो समूळ बरा करणारे औषध नाही. मात्र बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार व नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. म्हणून तपासणी लवकर करावी.

रुग्णाशी वाद घालू नये. "गिरणी बंद पडली" असे ठणकावण्याऐवजी "चपात्या झाल्या, आता नीज" म्हणावे. त्याच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवावी. सांभाळणाऱ्यालाही विश्रांती हवीच.

या गृहस्थाचा रक्तदाब तीनदा मोजला, तिन्ही वेळा वाढलेला! मध्यम वयातला वाढलेला रक्तदाब पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतो. मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणाकडे दुर्लक्ष आणि बैठे जीवन यांचेही तसेच. त्याला आधी गोळी, मग हळूहळू सराव सांगितला.

२१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, तो मित्रांसह लालबागहून गिरगाव चौपाटीला पोहोचला. जमलेल्या पैशांतून शेजारच्या चाळीतील अशाच एका आजीसाठी दिवसाची बाई ठेवली. आजींच्या सुनेला कित्येक महिन्यांनी दुपारची झोप मिळाली.

हल्ली कोणी "वय झालं" म्हणाले की मी विचारतो, "कधीपासून? नीट सांगा." तुमच्या घरीही हा प्रश्न वेळेवर विचारा.