तारेचा कॅमेरा घ्यावा की बिनतारी?

'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. बैल चोरीला गेल्यावर दार लावून काय उपयोग? पण आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याने झोपा आधीच केला होता. तरी बैल गेला!

त्याची विहीर गावापासून दीड किलोमीटरवर आहे. विहिरीवर मोटर, स्टार्टर आणि तांब्याची केबल. शेजारच्या विहिरींवरच्या केबली चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा त्याने शहरातून एक कॅमेरा आणला. कॅमेऱ्यात सिमकार्ड होते. दुकानदार म्हणाला, "हा बिनतारी आहे. तार ओढायची भानगडच नाही." शेतकऱ्याने कॅमेरा खांबावर बसवला. मोटरीच्या पेटीतून त्याला वीज दिली आणि तो निश्चिंत झाला.

एका रात्री चोर आले. केबल कापून घेऊन गेले. सकाळी त्याने मोबाइल उघडून पाहिला. रात्री १० नंतरचे चित्रच नव्हते. १० वाजता शेतातली वीज गेली होती. विजेबरोबर कॅमेराही झोपला होता. तो आम्हाला म्हणाला, "बिनतारी म्हटल्यावर मला वाटलं, ह्याला काहीच लागत नाही."

अशी फसगत पुष्कळांची होते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

कॅमेऱ्याला काय काय लागते?

कोणत्याही कॅमेऱ्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, वीज. दुसरी, चित्र जायला वाट. तिसरी, चित्र साठवायला जागा.

आता नीट लक्ष द्या. 'बिनतारी' हा शब्द फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. चित्र तारेतून जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. वीज मात्र लागतेच. ती तारेने द्या, बॅटरीने द्या, नाहीतर उन्हावर चालणाऱ्या सोलर पाटीने द्या.

तारेचा कॅमेरा

पाइपातून पाणी शेतात जाते. वाटेत वारा असो की भिंत असो, पाणी पोचते. तारेतून चित्र तसेच जाते. ते घरातल्या एका पेटीत पोचते. ह्या पेटीला डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणतात. पेटीत हार्ड डिस्क असते. तिच्यात चित्र साठते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मोबाइलवर दुरून पाहायचे असेल तरच ते लागते.

एका पद्धतीत विजेची तार वेगळी आणि चित्राची वेगळी असते. दुसऱ्या पद्धतीत एकाच केबलीतून वीज आणि चित्र दोन्ही जातात. तिला पीओई म्हणतात. ही केबल साधारण १०० मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२८ फुटांपर्यंत चालते. घर, गोठा, कांद्याची चाळ जवळजवळ असली तर एवढी लांबी पुष्कळ झाली.

तारेचा मोठा फायदा असा, की सगळ्या कॅमेऱ्यांना एकाच ठिकाणाहून वीज देता येते. त्या ठिकाणी एक इन्व्हर्टर लावला की लाईट गेली तरी सारे कॅमेरे चालू राहतात.

तोटे कोणते? भिंती फोडाव्या लागतात. मजुरी लागते. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून ती पाइपातूनच न्यावी. उघड्यावरून लांब केबल नेली तर जवळ वीज पडल्यास धक्का केबलीतून पेटीपर्यंत येऊ शकतो. तेव्हा चांगले अर्थिंग करून घ्यावे.

बिनतारी कॅमेरा

बिनतारी चित्र म्हणजे लांबून मारलेली हाक. मोकळ्या रानात हाक दूर जाते. मधे भिंत आली की ती मंदावते. दहा जण एकदम ओरडू लागले तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. वायफायचे तसेच आहे. दगडी किंवा मातीच्या जाड भिंती त्याला अडवतात. पत्रा तर फारच अडवतो. म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये हा कॅमेरा लावताना दहा वेळा विचार करावा.

दुकानात जाण्याआधी एक सोपी परीक्षा करा. जिथे कॅमेरा लावायचा, तिथे मोबाइल घेऊन उभे राहा. घरचे वायफाय तिथे नीट मिळते का पाहा. मिळत नसेल तर कॅमेऱ्यालाही मिळणार नाही. शिवाय घरातली वायफायची पेटी विजेवर चालते. लाईट गेली की तीही बंद पडते. तिलाही इन्व्हर्टर हवा.

शेतात वायफाय नसते. तिथे सिमकार्डाचा कॅमेरा चालतो. त्या जागी मोबाइलला रेंज किती येते, ते सकाळी पाहा आणि रात्रीही पाहा.

आता डेटाचा हिशेब करू. एक साधारण कॅमेरा रात्रंदिवस चित्र घेऊ लागला तर दिवसाला सुमारे २० जीबी भरतात. आपल्या सिमला रोज दीड-दोन जीबी मिळतात. मग हे जमणार कसे? म्हणून सिमच्या कॅमेऱ्यात चित्र सहसा आतल्या मेमरी कार्डावर साठवतात. कोणी हलले तरच मोबाइलवर इशारा येतो.

बॅटरीवरचे पुष्कळ कॅमेरे तर एरवी झोपलेलेच असतात. हालचाल झाली की जागे होतात. जागे व्हायला क्षणभर लागतो. तेवढ्यात माणूस समोरून निघूनही जातो. म्हणून कॅमेऱ्याचे तोंड येण्याच्या वाटेकडे ठेवावे. सोलर पाटीवर झाडाची सावली नको. तिच्यावरची धूळ पुसावी. पावसाळ्यात आभाळ भरून राहिले की बॅटरी किती उरली ते रोज पाहावे.

चित्र किती दिवस राहते?

समजा, ४ कॅमेरे आहेत. दिवसाला सुमारे ८० जीबी भरले. हार्ड डिस्क १००० जीबीची, म्हणजे एक टीबीची आहे. ती साधारण १२ दिवसांत भरते. मग जुने चित्र पुसून त्यावर नवे येते. म्हणून चोरी झाली तर त्याच दिवशी चित्राची नक्कल काढून ठेवा. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणाल तर पुरावा पुसला जाईल.

चित्र कॅमेऱ्यातल्या कार्डावरच असेल आणि चोराने कॅमेराच नेला, तर सारेच गेले. असा कॅमेरा हात पोचणार नाही इतका उंच लावावा. घरातली पेटीही समोर टेबलावर ठेवू नये. कुलपात ठेवावी, पण तिला हवा लागू द्यावी.

किल्ली आपल्याच हाती ठेवा

तारेचा असो की बिनतारी, कॅमेरा इंटरनेटला जोडला की पासवर्ड बदलायलाच हवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड पुष्कळांना ठाऊक असतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने असेच पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि पेट्या ताब्यात घेतल्या. मालकांना पत्ताही लागला नाही. भारत सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांची सुरक्षेची तपासणी बंधनकारक केली आहे. घेताना भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणाकडे किंवा न्हाणीकडे करू नका. चोर दूर राहील आणि घराघरांत भांडण लागेल.

मग कोणता घ्यावा?

घर, गोठा, चाळ जवळ असेल, आणि जागा स्वतःची असेल, तर तारेचा घ्यावा. खर्च एकदा होतो, पण भरवसा अधिक. घर भाड्याचे असेल, भिंत फोडता येत नसेल, आणि वायफाय नीट पोचत असेल, तर बिनतारी चालेल. लांबच्या विहिरीवर सिमचा, सोलर पाटी आणि बॅटरी असलेला घ्यावा.

आमच्या त्या शेतकऱ्याने शेवटी दोन्ही घेतले. गोठ्यात आणि चाळीत तारेचे कॅमेरे लावले. विहिरीवरच्या कॅमेऱ्याला सोलर पाटी आणि बॅटरी जोडली. ह्या वेळी त्याने आणखी एक गोष्ट केली. कॅमेरे बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी तो म्हणाला, "जरा थांबा." त्याने घराचा मेन स्विच बंद केला. मग तो अंधारातून गोठ्यापर्यंत चालत गेला. परत येऊन मोबाइलवर पाहिले. आपण चालत जाताना स्पष्ट दिसलो, तेव्हाच त्याने पैसे मोजले.

तुम्हीही असेच करा. चोर अंधारात येतो, लाईट गेल्यावर येतो. म्हणून परीक्षाही अंधारातच घ्यावी.