उशाशी बसणारा माणूस

रुग्णालयातील श्रमांची मोजदाद होते तेव्हा एक श्रम हमखास वगळला जातो. तो म्हणजे रुग्णाच्या उशाशी नुसते बसून राहण्याचा. ‘नुसते’ या शब्दानेच घात केला आहे. मांडीचे हाड मोडलेल्या एखाद्या वृद्धेवर शस्त्रक्रिया होते. दिवसभर ती नीट बोलते आणि रात्री दोनच्या सुमारास सलाईनची नळी उपसून, गोठ्यातली गाय सुटली म्हणत खाटेवरून उतरू पाहते. हे वेड नव्हे. शस्त्रक्रियेनंतर, तापात किंवा औषधांमुळे वृद्धांना असा संभ्रम होतो आणि बहुधा काही दिवसांत ओसरतो. पण तोवर शेजारी कोणीतरी जागे असावे लागते.

अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत या कामासाठी स्वतंत्र माणूस बसवितात. औषध देणे त्याचे काम नव्हे. रुग्णावरून नजर काढायची नाही आणि बदली आल्याखेरीज उठायचे नाही, एवढेच त्याचे काम. यामागे केवळ भूतदया आहे असे मात्र कोणी समजू नये. रुग्णालयात पडून झालेल्या दुखापतीचा जादा खर्च देणे तेथील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने ऑक्टोबर २००८ पासून थांबविले, तेव्हा या पहाऱ्याचे मोल व्यवस्थापनांना अधिक उमगले. अलीकडे तेथेही माणसाच्या जागी कॅमेरा लावून अनेक खाटा एकाच निरीक्षकाकडे सोपविल्या जातात. कॅमेऱ्यातून हाक मारता येते, हात धरता येत नाही.

आपल्याकडे हे काम नातेवाइकांच्या माथी आहे. पास घेऊन आलेली लेक किंवा सून खाटेशेजारी सतरंजी टाकते, रात्रभर जागते आणि सकाळी कचेरी गाठते. ज्याला कोणीच नाही, त्याचे हात कित्येकदा पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधले जातात. त्याबद्दल परिचारिकेला बोल लावणे सोपे आहे. सबंध वॉर्ड एकटीवर असताना तिने करावे तरी काय? बांधलेला रुग्ण अधिकच बिथरतो, हे तीही जाणते.

पाहारा देण्याऐवजी बांधून ठेवण्याची परिसीमा देशाने पाहिली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने जखडण्यास मनाई केली आणि तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, बंधन घालण्यास मुभा दिली. कायदा योग्यच आहे. पण बंधन सुटल्यावर खाटेशेजारी बसायचे कोणी, हे पद कोणत्या आस्थापना-सूचीत आहे?

खासगी रुग्णालयांत पैसे मोजून रात्रीची आया मिळते. नळी कशी सांभाळावी, संभ्रमित माणसाशी वाद न घालता कसे बोलावे, हे तिला क्वचितच कोणी शिकविलेले असते. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांनी निदान अस्थिरोग विभागात रात्रपाळीसाठी अशी माणसे रीतसर शिकवून, पगार देऊन नेमावीत. खर्चाचा प्रश्न निघेलच. तेव्हा खाटेवरून पडलेल्या वृद्धेच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच कागदावर मांडावा.