रजिस्ट्रेशन उद्या, पण विकणारे काका घर सोडेनात!

आज बोलूया रीसेल फ्लॅटबद्दल, तेही महाराष्ट्रापुरतं. उद्या रजिस्ट्रेशन आहे आणि विकणारे काका म्हणतात, "अहो, आमच्या नव्या घराचा ताबा लांबलाय, महिनाभर राहू द्या ना." आता काय करायचं?

शक्य असेल तर रजिस्ट्रेशनच पुढे ढकला. कारण १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार ताबा देणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, हे खरं. पण सगळे पैसे घेऊन ते बसूनच राहिले, तर दिवाणी दावा लावावा लागतो. त्यात वर्षं जातात, आणि इकडे ईएमआय चालू, तुमचं भाडंही चालू!

तारीख हलत नसेल, तर काकांशी रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्स करा. एका महिन्यासाठी एवढा खटाटोप? हो, कारण खरी गंमत इथेच आहे. मुदत संपूनही ते निघाले नाहीत, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. शिवाय ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता बराच जवळचा.

सोबत स्वतःच्या वाट्यातली थोडी रक्कम चावी मिळेपर्यंत रोखून ठेवा, आणि तसं खरेदीखतात स्पष्ट लिहा. वकिलाकडूनच लिहून घ्या.

आणि चिडून कुलूप तोडणं, लाइट-पाणी बंद करणं अजिबात नको. पोलीस केस उलटी तुमच्यावरच व्हायची.