जुनी जीप घेताय? आधी बॉनेट उघडा

नाशिक जिल्ह्यातल्या मळ्यांत उभ्या असलेल्या जुन्या महिंद्रा जीप जपायलाच हव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्यातही सीजे-३बी! विलीजने १९५३ साली आणलेलं हे मॉडेल महिंद्राने पुढे अनेक वर्षं भारतात बनवलं.

तिचं उंच बॉनेट ही नुसती स्टाइल नाही. आत २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. या रचनेने इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही वर गेलं. पण डिझेल स्वस्त होतं, त्या काळात कित्येकांनी हे इंजिन काढून डिझेल बसवलं. आज मूळ इंजिन शोधणं हेच सगळ्यात कठीण काम. मिळालं, तर भंगाराच्या भावात सोडू नका. टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स आणि स्पायसर १८ ट्रान्सफर केसही जपा. बुश, पिन वगैरे सातपूर-अंबडकडचा चांगला टर्नर नमुन्यावरून बनवू शकतो. टायर ६.००-१६ मापाचेच घाला. रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं आणि रूपही जातं.

अस्सलपणाला कायद्यातही किंमत आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे व्यवहाराआधी चॅसी आणि इंजिन नंबर आरसी बुकशी स्वतः ताडून बघा.