पाठ उघडते का?

ई-रीडर ऑनलाइन घेताना आपण पडद्याचा आकार, साठवण आणि किंमत पाहतो. यंदा तुलनेसाठी कागद घेऊन बसलो तेव्हा मी चौथा रकाना आखला : पाठ उघडते का? विक्रीच्या पानांवर त्याचे उत्तर मला मिळाले नाही. यंत्र किती वर्षे टिकणार हे मात्र बरेचसे याच रकान्यावर ठरते.

ते कसे, हे कळायला आत डोकवावे लागते. ई-इंकचा पडदा म्हणजे सूक्ष्म कुप्यांचा थर. प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण असतात. विद्युतदाब बदलला की हवे ते कण वर येतात आणि वीज बंद केली तरी तिथेच राहतात. म्हणजे वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना (दिव्याचा खर्च वेगळा). आत हलणारा भाग नाही. झिजते ती लिथियमची बॅटरी, आणि ती नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. दुसरी नाजूक जागा पडद्याची. बहुतेक यंत्रांत कणांच्या थरामागे पातळ काच असते. पिशवीत दाब पडला की वरून ओरखडाही दिसत नाही, पण आतली काच तडकते आणि अर्धे पान गोठून बसते.

माझ्या ओळखीचे एक मोबाइल दुरुस्त करणारे कारागीर बॅटरी बदलून देतात, पडद्याला हात लावत नाहीत. ‘पडद्याची किंमत सांगितली की गिऱ्हाईक नवाच घेतं,’ असे ते म्हणतात.

हे असेच असायला हवे होते का? 2007च्या पहिल्या किंडलचे मागचे झाकण निघत असे, बॅटरी घरी बदलता येई. 2009च्या दुसऱ्या किंडलमध्ये ती आत बंद झाली. यंत्र सडपातळ झाले, हे खरे. पुढे पाण्यापासून संरक्षणाचे कारणही सांगितले जाऊ लागले. पण 2024 साली कोबोने आयफिक्सिटच्या सहकार्याने आपल्या नव्या यंत्रांसाठी सुटे भाग आणि दुरुस्तीची सचित्र माहिती देण्याचे जाहीर केले, आणि ती यंत्रे पाण्यातही टिकणारी होती. त्यामुळे ते कारण मला पुरेसे वाटत नाही.

युरोपीय संघाच्या 2023च्या बॅटरी नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027पासून लहान उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केले. पोर्टलवर माहिती मिळते. सुटे भाग विकण्याची सक्ती त्यातून होत नाही.

किंडलवर मराठी पुस्तके 2016पासून अधिकृतपणे मिळू लागली. पन्नाशीनंतर अक्षर मोठे करता येणे ही काय चैन आहे, ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. पण फेब्रुवारी 2025मध्ये विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने यंत्रात घालण्याची सोय अॅमेझॉनने काढून घेतली. यंत्र बंद पडले तर पुस्तके खात्यात राहतात, पण ती वाचायला त्याच कंपनीचे दुसरे यंत्र किंवा अॅप लागते.

तेव्हा पैसे भरण्याआधी मॉडेलचे नाव घालून बॅटरी बदलण्याचे व्हिडिओ शोधावेत. झाकण खटक्याने निघते की गोंद तापवून, ते त्यात दिसते. बॅटरी सुटी मिळते का, तेही पाहावे. कडक पाठीचे कव्हर त्याच वेळी मागवावे. आणि यंत्र महिनोन्‌महिने ठेवून द्यायचे असेल, तर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पूर्ण रिकामी कधीच नाही.